गाडी किती देते?

टाकी फुल करायची म्हणजे पहिल्या कटपर्यंत. नोझल आपोआप बंद होतं तिथेच थांबायचं. रक्कम गोल करण्यासाठी पंपावरचा मुलगा आणखी दोन-तीनदा चाप दाबतो, ते त्याला आधीच सांगून ठेवायचं. पंप शक्यतो एकच ठेवायचा आणि गाडीही त्याच मशीनपाशी, त्याच बाजूने लावायची, कारण जमीन जराशी कलती असली तरी टाकीत थोडं कमीजास्त बसतं. मग ट्रिप मीटरवरचे किलोमीटर आणि पावतीवरचे लिटर वहीत उतरवायचे, मीटर शून्यावर आणायचं आणि निघायचं. पारोळ्यात हायब्रिड गाडी घरी आली त्या आठवड्यापासून मी हे नेमाने करत आलो आहे.

या पद्धतीत एक गोष्ट मला फार समाधानाची वाटते. एखाद्या वेळी अर्धा लिटर जास्त बसलं तर त्या टाकीचा आकडा खाली दिसतो, पण पुढच्या वेळी तेच अर्धा लिटर कमी बसतं. चूक साठत जात नाही. एका टाकीवर विश्वास ठेवू नये, सहा महिन्यांच्या बेरजेवर ठेवावा. म्हणून शेजारचा कोणी ‘काल तीस दिलं हो गाडीने!’ असं सांगतो तेव्हा मला आनंद होतो, पण वहीत लिहावंसं वाटत नाही.

स्क्रीनवर आकडा दिसत असताना वही कशाला, असं घरात विचारतात. स्क्रीनवरचा आकडा गाडी स्वतः काढते. इंजेक्टर किती वेळ उघडा राहिला त्यावरून पेट्रोल, चाकांच्या फेऱ्यांवरून अंतर. वहीतले लिटर पंपाच्या मीटरवरून येतात, आणि त्या लिटरचे पैसे मोजलेले असतात. माझ्या गाडीत स्क्रीन वहीपेक्षा नेहमीच किलोमीटरभर वर असते. ती खोटं बोलते असं नाही, ती अंदाज करते. ताज्या प्रवासाबद्दल तिचा अंदाज उपयोगी पडतो. वर्षाबद्दल मात्र वहीलाच विचारावं लागतं.

सरासरीचाही एक नियम आहे, आणि तो शाळेत शिकलेल्या सरासरीसारखा नाही. जाताना शंभर किलोमीटर लिटरला २० च्या हिशेबाने गेलो आणि येताना तेच शंभर ३० च्या हिशेबाने आलो, तर सरासरी २५ होत नाही. जाताना ५ लिटर लागले, येताना सव्वातीनच्या वर. दोनशे किलोमीटरला एकूण ८.३३ लिटर, म्हणजे सरासरी २४. आकड्यांची बेरीज करून भागायचं नसतं. सगळे किलोमीटर एकीकडे, सगळे लिटर एकीकडे, आणि मग भागाकार. हे नीट ध्यानात आलं की वहीतला महत्त्वाचा रकाना लिटरचा आहे, हे हळूहळू पटू लागतं. मला ते पूर्ण पटायला बराच काळ लागला, आणि त्याला कारण झाले आमच्या गल्लीतले नाना. त्यांच्याकडे येतोच.

आधी गाडीबद्दल. ज्यांना स्ट्राँग हायब्रिड म्हणतात अशा मध्यम आकाराच्या गाड्या भारतात २०२२ साली आल्या. त्या वर्षी मे महिन्यात होंडा सिटीची हायब्रिड आली आणि सप्टेंबरात मारुतीची ग्रँड व्हिटारा व टोयोटाची हायरायडर. त्याआधी सिव्हिक हायब्रिड, प्रियस, कॅमरी येऊन गेल्या होत्या, पण त्या आमच्या भागातल्या माणसाच्या हिशेबात बसणाऱ्या नव्हत्या. जगात हे सगळं सुरू झालं डिसेंबर १९९७ मध्ये, जपानमध्ये टोयोटाने प्रियस विकायला काढली तेव्हा. तत्त्व साधं आहे. इंजिन एका ठरावीक ओझ्यावर चांगलं चालतं, फार हळू किंवा रांगत चालताना ते पेट्रोल उधळतं. म्हणून रांगण्याचं काम विजेच्या मोटरला द्यायचं आणि ब्रेक लावताना जी ताकद उष्णता होऊन वाया जाते तिच्यातली काही बॅटरीत भरायची. ही बॅटरी किती मोठी? ग्रँड व्हिटारा-हायरायडरमध्ये ती ०.७६ किलोवॅट-तासांची आहे. महावितरणच्या बिलात आपण ज्याला एक युनिट म्हणतो, त्याचं पाऊण. एवढ्या लहानशा साठ्यावर, दर मिनिटाला थोडं भरून थोडं काढून, ही गाडी पेट्रोल वाचवते.

खान्देशात गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाला एक गोष्ट पाठ होती: गावात कमी, हायवेला जास्त. माझ्या आधीच्या पेट्रोल गाडीची वही तेच सांगते. नव्या गाडीच्या वहीने ते उलटं केलं. पारोळ्याच्या बाजारपेठेत, जिथे हातगाड्या, टेम्पो, सायकली आणि गुरं यांच्यामधून वाट काढावी लागते, तिथे इंजिन बहुतेक वेळ बंदच असतं. बालाजीच्या रथोत्सवाच्या दिवसांत किल्ल्याजवळच्या रस्त्याने अगदी माणसाच्या चालीने गाडी काढली, तेव्हा ती जवळजवळ आवाज न करता पुढे सरकत होती. आणि चौपदरी झालेल्या हायवेवर, जिथे सगळ्यांना वाटतं की गाडी आता मोकळी सुटली, तिथे आकडा खाली येतो.

हा रस्ता म्हणजे सुरतेकडून धुळे, पारोळा, एरंडोल, जळगाव करत नागपूरकडे जाणारा जुना सहा नंबर, आताचा ५३. तो दुपदरी होता तेव्हा कापसाच्या आणि केळीच्या ट्रकांमागे पन्नास-साठच्या वेगाने जावं लागे. फागणे ते तरसोद चौपदरीकरण झालं आणि वेळ वाचला, जीवही सांभाळला गेला, याचा मला मनापासून आनंद आहे. पण वेग वाढला की हवा अडवते, आणि ती सरळ प्रमाणात अडवत नाही. ताशी ८० ऐवजी १०० ने गेलं की वेग सव्वापट होतो, हवेचा अडसर मात्र दीडपटीहून अधिक. तिथे ना ब्रेक आहे, ना थांबणं, त्यामुळे परत मिळवायलाही काही नाही. शंभराने गेलो तर एकवीस-बावीस, ऐंशीने गेलो तर पंचविसाच्या आसपास. धुळे इथून पस्तीसेक किलोमीटर. एवढ्या अंतरात शंभराच्या वेगाने जेमतेम पाच मिनिटं वाचतात. कधी ती पाच मिनिटं हवी असतात, तेव्हा ती मी घेतो. पण त्यांची किंमत आता मला लिटरमध्ये माहीत आहे.

मग वाऱ्याचं कळलं. हे मला कुठल्या पुस्तकाने सांगितलं नाही, वहीनेच सांगितलं. जून ते सप्टेंबर धुळ्याला जाताना आकडा कमी आणि येताना जास्त. रस्ता तोच, वेग तोच, माणसंही तीच. काही दिवस मी चढ-उताराचा विचार करत राहिलो. पण हिवाळ्यात तोच फरक मिटला, तेव्हा उलगडा झाला. पावसाळ्यात आमच्याकडे वारा पश्चिम-नैर्ऋत्येकडून येतो. त्याच वाऱ्याच्या भरवशावर धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातल्या ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्या रांगेने उभ्या आहेत. धुळे पारोळ्याच्या पश्चिमेला. जाताना तो वारा छातीवर घ्यायचा आणि येताना पाठीवर. पंपावरच्या पावत्या जोडता जोडता आपल्या मुलखाच्या वाऱ्याची दिशा हाती लागावी, याचं मला आजही नवल वाटतं.

ऋतूचंही तसंच. उन्हाळ्यात जळगाव-भुसावळकडचा पारा पंचेचाळीसच्या घरात जातो, आमच्याकडेही फार वेगळं नसतं. या गाडीचा एसी बॅटरीवर चालतो. दुकानासमोर आईला बसवून, एसी सुरू ठेवून मी दहा मिनिटं आत गेलो तर मधूनमधून इंजिन आपोआप सुरू होतं, बॅटरी भरतं आणि बंद पडतं. किलोमीटर शून्य, पेट्रोल मात्र जळालेलं. म्हणून मे महिन्याचा आकडा सगळ्यांत खाली. डिसेंबरात पहाटे गावातल्या गावात दोन किलोमीटर गेलो तर तेही वाईट, कारण गार इंजिन तापेपर्यंत गाडी ते बंद होऊ देत नाही. दिवाळीनंतर शिवरात्रीपर्यंत, दुपारच्या कोवळ्या उन्हात, एका दमात वीस-पंचवीस किलोमीटर जाणं, हा या गाडीचा सुगीचा काळ. म्हणून मी मेची तुलना जानेवारीशी करत नाही. मेची तुलना मागच्या मेशीच करायची. कापसाला बोंड कधी धरतं हे ज्याला ठाऊक आहे, त्याला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

या भागात आणखी एक काळजी घ्यावी लागते. काही हायब्रिड गाड्यांची बॅटरी गार ठेवायला हवा आतूनच, मागच्या सीटजवळच्या जाळीतून घेतली जाते. आमच्याकडे धुळीत कापसाचा तंतू असतो. जिनिंगच्या दिवसांत तो कुठेही जाऊन बसतो. ती जाळी तुंबली की बॅटरी तापते. म्हणून टायरमधल्या हवेच्या तारखेशेजारी मी जाळी साफ केल्याची तारीखही लिहितो.

कंपनीने छापलेला आकडा आणि वहीतला आकडा यांत अंतर का, हा प्रश्न प्रत्येक मालकाला पडतो. त्याचं उत्तर फार लांब नाही, पुण्यात आहे. वेताळ टेकडीवरची, १९६६ मध्ये स्थापन झालेली ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया, म्हणजे एआरएआय, ही असे आकडे प्रमाणित करणाऱ्या संस्थांपैकी एक. तिथे गाडी रस्त्यावर धावत नाही, रोलरवर धावते. साधारण वीस मिनिटांची ठरलेली फेरी, सरासरी वेग ताशी ३२ किलोमीटरच्या आसपास, कमाल ९०. आणि मला सगळ्यांत विलक्षण वाटलं ते हे, की तिथे पेट्रोल मापात ओतून मोजत नाहीत. नळीतून बाहेर पडणारा धूर गोळा करतात, त्यातल्या कार्बनचा हिशेब लावतात आणि त्यावरून किती पेट्रोल जळालं ते काढतात. एक लिटर पेट्रोल जळलं की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. या हिशेबातून सुटका नाही. ग्रँड व्हिटाराचा जाहीर २७.९७ हा असा प्रयोगशाळेतला आकडा आहे. तो फसवा नाही. सगळ्या गाड्यांना एकाच मापाने मोजण्यासाठी तो आहे. त्यात मे महिना नाही, साक्रीचा वारा नाही, फागण्याच्या पुढची शंभराची धाव नाही. अमेरिकेतही हायब्रिडवाल्यांना हाच अनुभव आला. तिथे २००८ च्या मॉडेलपासून चाचणीत जास्त वेग, एसी आणि थंडी धरली गेली, आणि प्रियसचा एकत्रित आकडा गॅलनला ५५ मैलांवरून ४६ वर आला. गाडी तीच होती.

आता नाना. ते अमळनेर आगारात एसटीचे चालक होते, निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. एसटीत अ‍ॅव्हरेज लिटरमागे धरत नाहीत, दहा लिटरमागे धरतात. केपीटीएल म्हणतात त्याला. चालकाची कामगिरी त्या आकड्यावर तोलली जाते, हे नानांच्या बोलण्यातून मला कळलं. माझी वही पाहून त्यांनी पहिल्यांदा विचारलं, “कितला देस रे भाऊ तुनी गाडी?”

“नाना, वर्षाचं धरलं तर चोवीस.”

मग ते गाडीत बसले. गतिरोधकाजवळ मी ब्रेक दाबला, स्क्रीनवर बॅटरीकडे जाणारा बाण उजळला, आणि मी त्यांना दाखवलं की ही ताकद आता साठते आहे. त्यांनी आयुष्यभर एक सूत्र पाळलं होतं: “ब्रेक मारा म्हंजे डिझेल वाया गयं.” त्या सूत्रावर त्यांनी बाण ताडून पाहिला आणि म्हणाले, “सगळं परत येस का?”

सगळं येत नाही. चाकातून मोटरकडे, मोटरकडून बॅटरीत, बॅटरीतून पुन्हा मोटरकडे आणि चाकाकडे, प्रत्येक पायरीवर गळती आहे. शिवाय बॅटरी पाऊण युनिटची. संभाजीनगरहून येताना कन्नडचा घाट उतरलो की ती घाट संपायच्या आधीच भरते, आणि उरलेला उतार तिच्या कामाचा राहत नाही.

“मंग ब्रेक कसाले मारस?” नाना म्हणाले.

हे इतकं सरळ होतं की त्यावर बोलण्यासारखं काही नव्हतं. त्या दिवसापासून मी पाय लांबूनच उचलतो. पुढे ट्रक वळतो आहे, टोलनाका आला, गावाची पाटी दिसली की गाडी स्वतःच्या वेगावर घरंगळू देतो आणि शेवटी अगदी थोडा ब्रेक. वर्षाच्या बेरजेत याचा फरक दिसला. एसटीत नुसत्या काळजीने मिळवलेलं शहाणपण नव्या तंत्राच्या गाडीत जसंच्या तसं लागू पडलं. ब्रेकमधून वीज मिळवणं चांगलंच, पण ब्रेकची गरज न पडू देणं त्याहून चांगलं.

नानांचा दुसरा हिशेब मात्र मला जास्त भिडला. मी अभिमानाने सांगत होतो की जुनी पेट्रोल गाडी सोळा द्यायची, ही चोवीस देते, दीडपट. नानांनी विचारलं, हजार किलोमीटरला किती वाचलं ते सांग. मी मांडलं. सोळाने साडेबासष्ट लिटर, चोविसाने एक्केचाळीस-बेचाळीस. वाचले २१ लिटर. मग ते म्हणाले, आमच्या गाडीचं केपीटीएल पंचेचाळीस असेल आणि चांगल्या हाताने ते पन्नास झालं, तर? लिटरमागे फक्त अर्धा किलोमीटर वाढला. हजार किलोमीटरला आधी २२२ लिटर, आता २००. वाचले २२ लिटर.

मी तो कागद अजून जपून ठेवला आहे. माझ्या नव्या गाडीने, तिच्या मोटरने, बॅटरीने मिळवलेल्या आठ किलोमीटरपेक्षा एका एसटी चालकाच्या पायाने मिळवलेला अर्धा किलोमीटर मोठा. आणि मला हजार किलोमीटर व्हायला महिना लागतो, एसटी ते काही दिवसांत उरकते. पुढे वाचनात आलं की २००८ साली ड्यूक विद्यापीठाच्या रिचर्ड लॅरिक आणि जॅक सोल यांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात हीच गोष्ट प्रयोगाने दाखवली होती: लिटरमागे किंवा गॅलनमागे किती अंतर, असा आकडा समोर ठेवला की माणसं बचत कुठे जास्त आहे ते चुकीचं ओळखतात, आणि कमी आकड्यांमधली छोटी सुधारणा त्यांना दिसतच नाही. युरोपात शंभर किलोमीटरला किती लिटर, असं मोजतात. त्या मापात हा भ्रम होत नाही. तेव्हापासून माझ्या वहीत तो रकाना आहे. चोवीस म्हणजे शंभराला ४.१७ लिटर. असं लिहिलं की मन आपोआप पेट्रोलकडे जातं.

आणि पेट्रोल कुठून येतं ते पाहावंसं वाटतं. देशाला लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी ८५ टक्क्यांहून जास्त बाहेरून येतं. मुंबईत ते शुद्ध होतं, भारत पेट्रोलियमच्या पाइपलाइनने मनमाडजवळ पानेवाडीला येतं, आणि तिथून टँकरने आमच्याकडे. आता त्यात पाचवा हिस्सा इथेनॉल आहे. २०२२ च्या मध्यापर्यंत देशाने दहा टक्के मिश्रण गाठलं आणि २०२५ मध्ये वीस. इथेनॉल उसाचं होतं, मक्याचंही होतं, आणि मका आमच्या तालुक्यात घराघरात आहे. शेतातला दाणा टाकीत जातो, त्याला भाव मिळतो, हे मला मोलाचं वाटतं. पण लिटरमागे इथेनॉलमध्ये ताकद पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांशाने कमी असते, हेही खरं. दहाचं मिश्रण वीसचं झालं की लिटरमागची ताकद तीन-साडेतीन टक्क्यांनी घटते. चोविसाच्या आकड्यात हा फरक किलोमीटरभराहूनही कमी. टायरमध्ये हवा कमी असली तरी तेवढा फरक पडतो, वारा समोर असला तरी पडतो. म्हणून ‘नव्या पेट्रोलने माझं अ‍ॅव्हरेज पाचने पडलं’ असं कोणी छातीठोकपणे सांगतं, किंवा ‘काहीच फरक नाही’ असं दुसरा तितक्याच ठामपणे सांगतो, तेव्हा मी दोघांनाही एकच विनंती करतो: मागच्या वर्षाचे किलोमीटर आणि लिटर दाखवा. ज्यांच्याजवळ ते आहेत अशी माणसं फार थोडी भेटतात, आणि भेटली की आम्ही चहा होईपर्यंत उठत नाही.

नानांच्या कागदाने आणखी एक रकाना वाढवला. धुळ्यापर्यंत एसटीला सात लिटर डिझेल लागतं असं धरू. चाळीस माणसं बसली असली तर माणशी पावणेदोनशे मिलिलिटर. मी एकटा माझ्या हायब्रिडमध्ये हायवेने गेलो तर दीड लिटरच्या वर. चौघं बसलो तर माणशी चारशे मिलिलिटर. म्हणून आता किलोमीटर आणि लिटर यांच्या शेजारी ‘माणसं’ असा रकाना आहे. पारोळ्याला रेल्वे नाही, सुरत-भुसावळ मार्गावरची गाडी पकडायची तर अमळनेर गाठावं लागतं. त्या विसेक किलोमीटरसाठी गल्लीत कोण जाणारं आहे, हे मी आता आधी विचारून घेतो. एकट्यालाच धुळ्याला काम असलं आणि घाई नसली तर स्टँडवर जाऊन एसटी धरतो, आणि वहीत त्या तारखेसमोर ‘एसटी’ एवढंच लिहितो.

नानांनी तो रकाना बोटाने खालपर्यंत वाचला. पुढच्या मंगळवारी मला धुळ्याला जायचं होतं, त्यांना डोळे दाखवायचे होते.

“मंग माले बी लई चाल,” ते म्हणाले, “आनि तुन्या वहिनीलेबी.”

तिघं गेलो. नाना पुढे बसले होते. फागण्याच्या अलीकडे दूरवर एक ट्रॅक्टर उसासकट वळायला लागला, तसा त्यांचा उजवा पाय, चटईवर, माझ्या आधीच उचलला गेला.

“आते सोड,” ते म्हणाले. “आते. पुढलं सगळं तिलेच जाऊ दे.”